तुमाले कोन अडवते?

कळमेश्वरच्या एका साप्ताहिकात मी सदर लिहितो. सदराला साडेतीनशे शब्दांची जागा असते. जाहिरात आली तर दोनशे. कुण्या भाऊंचा वाढदिवस निघाला तर सुट्टी. एवढं सोडलं तर मला पूर्ण स्वातंत्र्य आहे. संपादक स्वतःच म्हणतात, "लिहा ना भाऊ, तुमाले कोन अडवते? फक्त मले आधी दाखवा."

या स्वातंत्र्याचा मी भरपूर उपभोग घेतो. संत्र्यावर लिहितो: रंग, चव, आंबिया बहार, मृग बहार. भाव लिहीत नाही. तो रोज बदलतो. धापेवाड्याच्या विठोबावर दरवर्षी लिहितो. गुरुपौर्णिमेला पंढरपूरचा देव तिथे येतो, अशी श्रद्धा आहे. तो कोणत्या रस्त्याने येतो, यात मी पडत नाही. मग रस्त्याचं काम कुणाकडे होतं, हे ओघानेच येतं. एमआयडीसीवर लिहिताना ती नागपूरहून किती जवळ आहे, हे आवर्जून सांगतो.

ज्यांना एवढंही जमलं नाही, त्यांचं काय झालं पाहा. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून आले. शहाण्याला तेवढं पुरतं. यांना पुरलं नाही. सरकारशी पटत नव्हतंच, पुढे सामाजिक सुधारणांवरून सहकाऱ्यांशीही पटेना. 1887 मध्ये चालता 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 1895 मध्ये, अवघ्या 38 व्या वर्षी ते गेले. 'हॅम्लेट' मराठीत आणलेला हा माणूस. बालविवाह आणि केशवपन सोडून नाटकांवरच लिहीत बसता, तर कुणी बोटही लावलं नसतं.

शि. म. परांजपे त्या मानाने हुशार. 'काळ'मध्ये सरळ काही लिहायचेच नाहीत, सरकारची स्तुती करायचे. ती स्तुती वाचकांना कळली, तशी सरकारलाही कळली. 1908 मध्ये राजद्रोहासाठी 19 महिन्यांची शिक्षा झाली. त्या काळी सरकार मराठी पत्रं फार मन लावून वाचत असे. तेव्हापासून आमच्यात एक धडा पाठ आहे: स्तुती करायची तर मनापासून करावी.

आता रीत बरीच सुधारली आहे. मार्च 2016 मध्ये 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांवरचा अग्रलेख छापला आणि लगेच दिलगिरी व्यक्त करून मागे घेतला. कोर्ट नाही, तुरुंग नाही. फक्त तोवर अंक घरोघरी वाचून झाला होता, एवढीच त्यात उणीव. आमच्या साप्ताहिकाने तीही भरून काढली आहे. आम्ही लेख लिहिण्याआधीच मागे घेतो. दिलगिरीची जागाही वाचते, तिथे निविदा सूचना बसते.

राज्यघटनेच्या कलम 19 ने मला अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिलं आहे. आजोबांच्या चांदीच्या तांब्यासारखं ते मी कपाटात जपून ठेवलं आहे. वापरून झिजू दिलं नाही.

पुढच्या अंकात एका भाऊंचा वाढदिवस आहे. सदराला सुट्टी राहील. वाचकांनी नोंद घ्यावी.