सिस्टरचा ताप : निदान आणि उपचार

सरकारी रुग्णालयातील परिचारिकेला ताप आला की त्याचे पहिले निदान थर्मामीटर करत नाही, ड्युटी लिस्ट करते. वॉर्डात त्या पाळीला सहा जणी असतील तर 101 हा ताप ठरतो. तिघीच असतील तर त्याला कणकण म्हणतात, आणि रात्रपाळीला एकटीचेच नाव लागले असेल तर तो नुसता थकवा. थकवा पॅरासिटामोलच्या एका गोळीने जातो, असे वैद्यकशास्त्र म्हणत नसले तरी मेट्रन ऑफिसचा तसा दीर्घ अनुभव आहे.

आजारी असल्याचे कळवावे की कामावर जावे, हा निर्णय सकाळच्या पाळीसाठी साधारण पहाटे चार ते सहाच्या दरम्यान, अंथरुणात, दुसऱ्यांच्या घरांचा विचार करून घेतला जातो. हे दुसऱ्यांच्या घरांचे प्रकरण समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. मॉर्निंगची सिस्टर आली नाही तर नाइटची सुटत नाही, कारण ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घ्यायला कोणी असल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही. अडकलेल्या सिस्टरचा मुलगा दहावीला आहे, तिची कर्जतची गाडी सव्वाआठची आहे, सासूबाईंना इन्सुलिन तीच टोचते. हे सगळे अंथरुणातल्या बाईला तोंडपाठ असते. त्यामुळे तिच्या डोळ्यांपुढे शासन, संचालनालय किंवा अधिष्ठाता यांपैकी कोणीही येत नाही. येते ती एक दमलेली मैत्रीण. बदली माणूस ठेवणे ज्यांचे काम होते त्यांनी तो ठेवलेला नाही; त्याबद्दल लाज वाटून घेण्याचे काम तेवढे तापलेल्या बाईकडे वर्ग करण्यात आले आहे. या कामाला वेगळा भत्ता नाही.

बदली माणसाची कल्पना काही नवी नाही. 1947 च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक, आणि यावर 30 टक्के जागा रजा राखीव म्हणून जादा हव्यात. म्हणजे परिचारिका हा आजारी पडू शकणारा प्राणी आहे, हे परिषदेला मान्य आहे. अडचण पुढे येते. पदे मंजूर होतात एका हिशेबाने आणि भरली जातात दुसऱ्याच हिशेबाने. खाटा भरताना मात्र कोणताच हिशेब लागत नाही, कारण खाट संपली की खाली गादी टाकता येते. परिचारिकेच्या बाबतीत गादीची सोय नाही, म्हणून आहे तीच परिचारिका ताणली जाते. रजा राखीव जागा सगळ्यांत आधी नेहमीच्या कामात खर्ची पडतात. मग रजेवर गेलेल्या बाईच्या जागी राखीव म्हणून उरते ती पुन्हा नाइटवालीच.

रजेचे नियम वाचताना शासन आपल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीला किती जपते, हे पाहून मन भरून येते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे वर्षाला 30 दिवस अर्जित रजा जमा होते आणि 20 दिवस अर्धवेतनी. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले तर अर्धवेतनी रजा दुप्पट खर्ची टाकून पूर्ण पगाराची करून घेता येते, म्हणजे 20 दिवसांचा आजार 10 दिवसांत आटोपावा लागतो. शिवाय वर्षाला 8 सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, आहेत. त्या मुलांच्या शाळेत, गॅस एजन्सीत आणि गावाकडच्या दहाव्या-तेराव्याला जातात. हे सारे दिल्यानंतर रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, असेही त्याच नियमांत सांगून ठेवले आहे. अर्जित रजा 300 दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. नोकरीभर जी रजा मागितली आणि मिळाली नाही, ती अठ्ठावन्नाव्या वर्षी रोखीने हातात पडते. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्चही साधारण त्याच सुमारास आलेला असतो.

आजारांचे दिसणारे आणि न दिसणारे असे दोन वर्ग आहेत. प्लास्टर, कांजिण्या आणि डोळे येणे हे दिसणारे, म्हणून प्रतिष्ठित. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा लाल डोळे दाखवून रजा घेणे इतके सोपे झाले होते की बाकीचे आजार हिरमुसले असावेत. न दिसणाऱ्या आजारांत कंबरदुखी पहिली. ऐंशी किलोच्या रुग्णाला कूस बदलून देताना ती लागते. रुग्णाला ती असेल तर ट्रॅक्शन मिळते, सिस्टरला असेल तर सल्ला. पाळीचे दुखणे सांगायचे नसते, कारण ऐकणारीलाही ते असते आणि तीही आलेली असते. अर्धशिशीवर सहसा विश्वास ठेवला जात नाही. मन थकले आहे हे कारण अर्जावर लिहिण्याचे धाडस केल्याची उदाहरणे फारशी सापडत नाहीत.

आजार कोणत्या तारखेला येतो यालाही महत्त्व आहे. गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी आलेला ताप कितीही खरा असला तरी मेट्रन ऑफिसला त्यात नैवेद्याचा वास येतो. हा संशय सर्वस्वी निराधार नाही. खोटे आजार असतातच, आणि त्यांची लागण होते ती रजा नामंजूर करणाऱ्या टेबलावरून. भावाच्या लग्नासाठी दोन महिने आधी केलेला अर्ज ‘स्टाफ कमी’ या शेऱ्यासह परत आला, की नेमक्या अक्षतांच्या दिवशी अर्जदाराला जुलाब सुरू होतात. खरे बोलून न मिळणारी रजा खोटे बोलून मिळते, हे एकदा कळल्यावर प्रामाणिकपणा टिकवण्याची जबाबदारी फक्त अर्जदारावर टाकणे अन्यायाचे आहे.

खऱ्या जुलाबांचे नियम वेगळे आहेत. नोरोव्हायरससारख्या संसर्गात लक्षणे थांबल्यानंतरही 48 तास रुग्णसेवेपासून दूर राहावे, असे संसर्ग नियंत्रणाची पुस्तके सांगतात. हे वाक्य परिचारिकांना परीक्षेसाठी पाठ असते. नोकरी लागल्यावर ते रुग्णांच्या नातेवाइकांना ऐकवायचे असते. नातेवाइकाला सर्दी असेल तर त्याला अतिदक्षता विभागाच्या दारातून परत पाठवतात आणि पाठवणारी सिस्टर मास्कच्या आत शिंकते.

रजा कळवण्याची पद्धत ठरलेली आहे. व्हॉट्सॲपवर निरोप टाकला तर निळी खूण यायला पाळी सुरू व्हावी लागते, म्हणून फोन करावा लागतो. फोन स्वतः करावा. नवऱ्याने केला तर आजाराचे गांभीर्य कमी होते. आवाज खोल गेलेला असावा, पण बोलणे थांबू नये. पलीकडून येणारी उत्तरेही ठरलेली आहेत. ‘मलाही कुठे बरं आहे गं’ हे पहिले. ‘येऊन तर बघ, नाही जमलं तर बसून लिहिण्याचं काम कर’ हे दुसरे. वॉर्डात बसून करण्याचे काम कोणते, हे अजून कोणाला सापडलेले नाही. तिसरे उत्तर सर्वांत प्रेमळ : ‘ये तू, इथंच सलाईन लावू.’ या उत्तरात थोडाही उपरोध नसतो. इन्चार्ज सिस्टर वाईट नसते. तिच्या हातात चार नावे आणि सहा जागा असतात.

फोनने भागले नाही तर प्रमाणपत्र लागते. दिवसभर डॉक्टरांच्या घोळक्यात वावरणाऱ्या बाईने आपण आजारी आहोत हे कागदावर सिद्ध करावे, यात गैर काही नाही. शंका आली तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दर्जाच्या डॉक्टरांचे दुसरे मत मागवता येते. जिल्हा रुग्णालय चालवण्याची जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांचीच असल्यामुळे हे मत तटस्थ असते. तिच्या नसण्याने कोणाचे अडणार आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

कंत्राटी परिचारिकेच्या बाबतीत हा सगळा विचार चटकन संपतो. आदेश 11 महिन्यांचा, आणि पुढचा आदेश निघताना रजांचा तपशील समोर असतो, त्यामुळे ती आजारी पडत नाही. छोट्या खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी केंद्राच्या समितीने 2016 मध्ये किमान 20,000 रुपये पगाराची शिफारस केली. पगार 21,000 पर्यंत असेल तर राज्य कामगार विमा लागू होतो, आणि त्यात आजारपणात वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो. आजाराचे पहिले दोन दिवस सर्वसाधारणपणे यातून वगळलेले आहेत. तापाने तिसऱ्या दिवसापर्यंत टिकून राहावे, एवढीच अपेक्षा.

या व्यवसायाला आदर्शाचाही त्रास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियन युद्धात, मे 1855 मध्ये बालाक्लाव्हा येथे तापाने मरता मरता वाचल्या, मायदेशी परतायला त्यांनी नकार दिला आणि युद्ध संपेपर्यंत काम केले. दरवर्षी 12 मे रोजी, त्यांच्या जन्मदिनी, केक कापताना एवढाच भाग सांगितला जातो. इंग्लंडला परतल्यावर त्या कित्येक वर्षे बहुतांश काळ खाटेला खिळून होत्या आणि भारतात एकदाही न येता इथल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यावर त्यांनी तिथूनच काम केले, हा भाग वगळतात. घरून काम करण्याची परंपरा सापडली तर ती मागण्यात येईल, अशी भीती असावी.

2020 हे त्यांच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते, आणि त्याच वर्षी कोविडने परिचारिकांना गाठले. 22 मार्चला थाळ्या वाजल्या, 3 मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. लाट ओसरल्यावर त्या काळापुरत्या घेतलेल्या कंत्राटी परिचारिकांची गरजही ओसरली. कंत्राटी भरतीच्या विरोधात मे 2022 मध्ये राज्यातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या. संपाचा एक फायदा असा की त्यात सगळ्याच जणी एकदम गैरहजर असतात, त्यामुळे मैत्रिणीला अडकवल्याचे पाप कोणा एकीच्या माथी येत नाही.

औषध म्हणावे तर ते परिषदेने लिहून ठेवलेले आहे : 30 टक्के. ते देणे परिचारिकेच्या हातात नाही, मेट्रनच्याही नाही. ते पदे मंजूर करणाऱ्या आणि भरणाऱ्या विभागांच्या हातात आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना वॉर्डात खोकणारी सिस्टर दिसली तर त्यांनी तिच्याविरुद्ध तक्रार लिहिण्याआधी त्या रुग्णालयातील मंजूर पदे, भरलेली पदे आणि रजा राखीव पदे यांचा तक्ता माहितीच्या अधिकारात मागावा. अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते आणि उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.