उपवासाच्या गोगलगायी

अहो वैनी, हातातलं टाका आणि आधी इकडे या. ही बघा माझी भेंडी. काल संध्याकाळी चार-चार पानांवर होती, आज नुसत्या काड्या! आणि हा चकचकीत ओघळ बघा, थेट तुमच्या केळींतून आलाय. नाही हो, तुम्हाला बोल नाही लावत. गोगलगायीला कसलं आलंय कुंपण!

मीठ? मीठ नको बाई, वाफ्यातली माती नासते. दुकानदार गोळ्या देत होता, पण आमचा मोत्या दिसेल ते चाटतो. आणि सेंद्रिय भाजी, सेंद्रिय भाजी म्हणून मीच गावभर मिरवलंय, आता विष कुठल्या तोंडाने घालू? नणंद आमची औशाकडची. २०२२च्या खरिपात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीन उगवलं की फस्त केलं, लोकांनी पेरण्या मोडून पुन्हा केल्या. तेव्हाचा उपाय तिने सांगितला. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं, तिन्हीसांजेला वाफ्याच्या कडेला पसरायचं आणि सकाळी उचलायचं. आज उचललं तर खाली त्रेचाळीस! हातात पिशव्या घालून वेचल्या आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. नुसत्या हाताने धरू नका हं, त्यांच्यात जंत असतात, माणसाच्या मेंदूपर्यंत जातात म्हणे.

आणि आळवाच्या मुळाशी उकरलं तर अंडी! हुबेहूब भिजवलेला साबुदाणा. शे-दीडशे तरी असतील एका जागी. यांच्यात नर वेगळा, मादी वेगळी असलं काही नाही, प्रत्येकीला अंडी होतात. मग वाढायला काय वेळ! बरं, ही आपली नव्हेच. मूळची आफ्रिकेतली. बेन्सन नावाच्या कुणा साहेबाने १८४७ साली मॉरिशसहून आणून कलकत्त्यात एका बागेत सोडली. हौस त्याची, भेंडी माझी.

खरी गंमत पुढेच आहे. भाचा माझा बोटीवर कुक आहे ना, त्याला काल फोनवर हे रडगाणं ऐकवलं, तर मेला हसतोय! म्हणे मावशी, ग्रीसमध्ये क्रीट बेट आहे, तिथे लोक पहिल्या पावसानंतर टोपल्या घेऊन गोगलगायी वेचायला निघतात. त्यांची जात वेगळी, लहान. आणल्या की लगेच चुलीवर नाही हं. काही दिवस कोंडून ठेवायच्या, पीठ नाहीतर कोंडा खायला घालायचा, म्हणजे पोटातला पाला-माती निघून जाते. मग उकडून कांदा, टोमॅटो, ऑलिव्हचं तेल, आणि त्यातच भरडलेला गहू शिजवायचा. आपल्या लापशीच्या रव्यासारखा, पण तिखटमिठाचा.

तोंड काय वाकडं करताय? तिसऱ्या तुम्ही मिठाच्या पाण्यात ठेवता ना, वाळू ओकायला? तेच की ते! शिंपीतलं चालतं, शंखातलं म्हटलं की शिसारी. मी नाही खाणार म्हणा, आणि आपल्या परसातल्या तर कुणी खाऊच नयेत. पण नाव ठेवायला आपण कोण?

आणि ऐका, ईस्टरच्या आधी त्यांचे लांबलचक उपवास असतात. मांस, अंडी, दूध सगळं बंद, पण गोगलगाय चालते! रक्त नाही म्हणून. मी म्हटलं, बरं आहे बाबा, आम्ही एकादशीला साबुदाणा खातो, ते साबुदाणा घालणारी खातात. तर फोनच ठेवला त्याने.

काय? तुमच्या पडवळाचा वेलही गेला? मग आज गोणपाट तुमच्याही बाजूला टाकू, नाहीतर माझ्याकडच्या पळून तुमच्याकडे येतील. बरं, त्या गिरणीतून आणलेला कोंडा आहे का थोडा? मूठभर द्या.

अहो नाही हो, लापशी नाही करत! गोणपाटाखाली भुरभुरायचाय.