सगळा दोष बिडीचा

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धंद्याला कधी कुणाचा सत्कार करावासा वाटलाच, तर शालश्रीफळाचा पहिला मान बिडीचा. तिच्याइतकी इमानदार वकिली लाखो रुपये मोजूनही मिळाली नसती. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं गोणी फोडलेला कामगार खोकत दवाखान्यात येतो. पहिला प्रश्न ठरलेला : "बिडी ओढता का?" मान खाली जाते. खटला निकाली. धुळीला साक्षीलाही बोलवावं लागत नाही.

इतका सुटसुटीत न्याय काही जणांना पचत नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथल्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात धुळीत वीस-वीस वर्षं काढलेल्या ११३ कामगारांचा हिशेब संशोधक रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये मांडला. एरवीच्या प्रमाणाने त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एखादाच दगावला असता, दगावले ११. शवविच्छेदनांत हा कर्करोग आढळलेल्या १८ जणांपैकी १५ जणांची फुप्फुसं अ‍ॅस्बेस्टॉसिसने आधीच घट्ट झालेली होती. डॉल यांचा हा निबंध छापूच नये म्हणून कंपनीने बरीच खटपट केली. लोकांच्या मनःशांतीची काळजी कुणीतरी घ्यायला हवीच ना!

१९७९ मध्ये अमेरिकी डॉक्टर सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर थेट गणितच घातलं. धूर नाही, धूळही नाही, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका एक धरा. नुसती धूळ खाणाऱ्याचा सुमारे पाचपट, नुसती सिगारेट ओढणाऱ्याचा सुमारे अकरापट, आणि दोन्ही करणाऱ्याचा पन्नासपटीहूनही जास्त. म्हणजे ही बेरीज नव्हे, जवळजवळ गुणाकार. आपण मात्र उदार मनाने अख्खा गुणाकार बिडीच्या खात्यावर टाकतो. उरतो तो बिडीला कधी न शिवलेला कामगार, त्याच्या पाचपटीसकट. त्याच्यासाठी आपल्याकडे 'नशीब' हे निदान आहे.

अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूचा संयमही वाखाणण्याजोगा. आत शिरल्यावर वीस-तीस वर्षं तो ब्र काढत नाही. तोवर मालक बदलतो, कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहतो. आपल्या सरकारची समज तर त्याहून खोल : देशात अ‍ॅस्बेस्टॉसचे नवे खाणपट्टे द्यायचे नाहीत, रशियाहून जहाजं मात्र येऊ द्यायची. परदेशी तंतू बहुधा पाहुण्यासारखा अदबीने वागत असावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. त्यासाठी आधी माणसाचं नाव हजेरीपटावर असावं लागतं. कंत्राटदारांनी तेवढा कागद वाचवला आहे.