हात लावू नये

जिथे काहीही विकत मिळत नाही, काहीही अंगावर लावून पाहता येत नाही आणि तरीही आत शिरायला तिकीट पडते, अशा कापडदुकानाला फॅशनचे प्रदर्शन म्हणतात. परदेश प्रवासात ते साधारण चौथ्या दिवशी येते. राजवाडा, पूल आणि घड्याळाचा मनोरा उरकलेला असतो, बाहेर पाऊस असतो आणि दोघी मैत्रिणींपैकी एकीने महिनाभर आधीच तिकिटे काढून ठेवलेली असतात. या प्रकाराला दोघी लागतातच. एक पाहायला आलेली, दुसरी सोबतीला आलेली. पहिलीला फॅशनमधले कळते, दुसरीला कापडातले.

प्रदर्शनाचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते १८५२चे, पण हे नाव त्याला मिळाले १८९९ मध्ये. मुंबईत भायखळ्याला याच नावाचे संग्रहालय १८७२ मध्येच लोकांसाठी उघडले होते. तेच आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. म्हणजे नावापुरती तरी लंडनची शाखा ही भायखळ्याची धाकटी पाती ठरते. सोबतीला आलेलीने हे रांगेत निदान दोनदा सांगावे, असा प्रघात आहे.

संग्रहालयात प्रवेश फुकट असतो, बड्या प्रदर्शनांना मात्र वेगळे तिकीट लागते. २०१५ मध्ये अलेक्झांडर मॅक्वीन या दिवंगत ब्रिटिश डिझायनरचे कपडे मांडले, तेव्हा ४ लाख ९३ हजारांवर लोक आले. शेवटी दोन शनिवार-रविवारांना जोडून दारे रात्रभर उघडी ठेवावी लागली. तोवर त्या संग्रहालयात असे कधी घडले नव्हते. लालबागच्या रांगेत उभे राहिलेल्याला यात नवल वाटू नये. फरक इतकाच की इथे शेवटी प्रसाद नसतो आणि पायावर डोके ठेवू देत नाहीत. २०१९ मध्ये क्रिस्तियाँ दिओर या फ्रेंच डिझायनरच्या प्रदर्शनाने हाही आकडा मागे टाकला.

आत गेल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. रेशीम आणि जुने रंग उजेडाने विटतात, म्हणून दिवे साधारण ५० लक्सवर ठेवतात. कचेरीतल्या टेबलावर याच्या दहापट उजेड असतो. रंग नीट पारखण्यासाठी साडी दुकानाबाहेर उन्हात नेणाऱ्या बाईला हा सगळा कारभार संशयास्पद वाटतो. अंधारात माल दाखवणाऱ्या दुकानदाराबद्दल तिचे मत लहानपणीच पक्के झालेले असते. माहितीच्या पाट्या बारीक टायपात आणि गुडघ्याच्या उंचीवर असतात. त्यामुळे ज्ञानाची इच्छा असलेला माणूस आणि पाठीचे दुखणे असलेला माणूस लांबून सारखेच दिसतात.

पुतळ्यांची गोष्ट वेगळी. कपडा जुना आणि मोलाचा असल्याने तो पुतळ्याप्रमाणे उसवत-शिवत नाहीत. पुतळाच कपड्याप्रमाणे तासतात, नाहीतर कापूस भरून फुगवतात. फॅशनने जिवंत माणसांकडून जे मागितले आणि पुरते कधी मिळाले नाही, ते इथे बिनतक्रार मिळते. डोके बहुधा नसतेच.

कायमच्या संग्रहात १७४०च्या दशकातला एक इंग्रज दरबारी पोशाख आहे. लाल रेशमावर जवळजवळ १० पौंड चांदीची जर, आणि दोन्ही बाजूंना आडव्या पसरलेल्या सांगाड्यामुळे इतकी रुंदी की दारातून आडवेच शिरावे. पहिली त्याला शिल्प म्हणते. दुसरी मनातल्या मनात तो चर्चगेटच्या लेडीज डब्यात चढवून पाहते आणि नाद सोडते. दिओरने १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये आणलेल्या आवळलेल्या कमरेच्या घेरदार झग्यांपाशीही हेच होते. ब्रिटनमध्ये तेव्हा कपड्यांवर रेशनिंग होते, ते १९४९ पर्यंत उठले नाही. कूपनांवर कापड घेणाऱ्यांना हा घेर म्हणजे उधळपट्टी वाटली. पहिली याला क्रांती म्हणते. दुसरी घेर नजरेने मोजून सांगते, ‘‘नऊवारीला लागतं तेवढं.’’

खरी अडचण हाताची आहे. कापड चिमटीत धरल्याशिवाय कळत नाही, असे दुसरीच्या घराण्यात मानतात. पोत बोटांना कळतो, आणि विणकामाची अब्रू उलट्या बाजूला असते. हातमागाची अस्सल पैठणी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. इथे पुढे काच, मागे भिंत. मान वेळावून पोशाखाची पाठ पाहू जाणारीला पहारेकरी अतिशय सभ्य शब्दांत पुढे घालवतो.

हा सोवळेपणा जुना म्हणावा, तर तसे नाही. याच लंडनमध्ये इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाचे नमुने असलेले १८ खंड काढले. त्यांत पागोटी, धोतरे, साड्या यांचे खरे तुकडे होते, एकूण ७००. असे २० संच झाले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये ठेवले, ७ हिंदुस्थानला पाठवले. ज्यांचे कापड, त्यांना त्याच कापडाचे तुकडे, तेही कमी. हेतू चोरटा नव्हता, पुस्तकात छापलेला होता: हिंदुस्थानातल्या लोकांना काय आवडते ते ब्रिटिश गिरण्यांनी पाहावे आणि तसेच विणून त्यांनाच विकावे. त्या कामासाठी कापडाला हात लावायला कुणाची हरकत नव्हती. कात्री लावायलाही नव्हती. पुढे, १८७९ला, इंडिया म्युझियम मोडले आणि त्याचा बराचसा संग्रह साउथ केन्सिंग्टनच्या याच संग्रहालयाकडे आला. तिथे तो आता मंद उजेडात, काळजीपूर्वक जपला जातो.

प्रदर्शन संपते ते संग्रहालयाच्या दुकानात. इथे दिवे लख्ख असतात. कॅटलॉग, चित्रे, पिशव्या आणि गळ्याचे रुमाल मांडलेले असतात आणि कशालाही हात लावला तर कुणी काही म्हणत नाही. पहिली कॅटलॉग घेते. त्याचे वजन परतीच्या बॅगेचा हिशेब बिघडवणार असते. दुसरी दोन तासांनी प्रथमच कापड चिमटीत धरते, रुमाल उलटा करते, छपाई पलीकडे उतरली आहे का ते बघते, किंमत मनात रुपयांत करते आणि रुमाल होता तसा घडी घालून ठेवते. मग दारापाशी नेऊन उजेडात पाहू का, असे विक्रेतीला विचारते.