लिलावातलं घर, वास्तुशांतीसह

जप्तीचं घर स्वस्तात उचलायचं, रंग मारायचा, छताला पीओपी करायचं आणि नफ्यात विकून मोकळं व्हायचं, असं शिकवणारे मोबाइलवर दिवसभर बोलत असतात. त्यांना एकदा वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाला आणा.

बँकेची नोटीस तशी प्रामाणिक असते: 'जसे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे'. आधी १० टक्के अनामत, बोली लागली की ती धरून २५ टक्के, उरलेले १५ दिवसांत. घरपट्टीची थकबाकी, वीजबिल आणि ओसरीवर बसलेली आजी तुमच्याकडे. ताबा बऱ्याचदा 'सांकेतिक' असतो. आजी प्रत्यक्ष असते.

बँका ज्याच्या जोरावर जप्ती करतात, त्या २००२ च्या सरफेसी कायद्यात शेतजमिनीला सूट आहे, घराला नाही. गावठाणातली घरं आजवर वाचली ती ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्याच्या, कृपेने. त्यावर मालकी सिद्ध होत नाही, म्हणून बँका सहसा कर्जच देत नसत. मग २०२० साली स्वामित्व योजना आली, गावागावांवर मोजणीचे ड्रोन फिरू लागले. प्रॉपर्टी कार्ड हाती आलं की घर तारण ठेवता येतं. म्हणजे जप्तही करता येतं, पण हे सनदवाटपाच्या भाषणात कुणी बोलत नाही.

समजा घेतलंच. बोली लावायला जुन्या मालकाचे भाऊबंद फिरकणार नाहीत. पण नवा मालक भिंत घासायला लागला, की सामाईक बोळ, न्हाणीचं पाणी आणि आजोबांच्या काळातली तोंडी वाटणी घेऊन सगळे हजर. रंगाचा दुसरा हात होईपर्यंत वाशीमच्या कोर्टात पहिली तारीख पडलेली असते.