तीनप्रती काका

मीरा रोडच्या शांती नगरात पत्ता सांगायचा म्हणजे आधी सेक्टर, मग इमारतीचं अक्षर, मग आकडा. इतकं सांगूनही जेवणाचा डबा घेऊन आलेला पोरगा भलत्याच जिन्यात घाम पुसत उभा असतो. आमच्या इमारतीला मात्र हा त्रास नाही. 'तीनप्रती काकांची बिल्डिंग' म्हटलं की खालचा इस्त्रीवाला हातातली इस्त्री न थांबवता हनुवटीनेच जिना दाखवतो.

काका रेल्वेतून निवृत्त झाले. 34 वर्षं पार्सल ऑफिसात कारकुनी. आंब्याच्या पेट्या, मोटारसायकली, माशांच्या टोपल्या आणि एकदा एक जर्मन शेफर्ड, अशा सगळ्यांच्या पावत्या त्यांनी कार्बन घालून फाडल्या. कार्बनखालच्या शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटलं नाही तर माल कुणाचा यावरून फलाटावर गचांडी धरायची वेळ यायची, असं ते सांगतात. त्यामुळे काका लिहितात ते दाबून. डाव्या हाताचा पंजा कागदावर रोवायचा, कार्बन सरकू नये म्हणून, आणि उजव्या हाताने पेन असं चालवायचं की जणू शेत नांगरतायत. त्यांच्या डायनिंग टेबलाच्या सनमायक्यावर उन्हाच्या तिरिपीत बघितलं तर काकूंची कधीकाळची किराणा यादी अजून वाचता येते. 'तूरडाळ 2 किलो' तर बोटाने चाचपूनही कळतं.

निवृत्तीनंतर कार्बन गेला, पण तीन प्रतींची सवय राहिली. एक ज्याला द्यायची त्याला, एक 'माहितीस्तव', एक फाईलला. पार्किंगबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला, शुद्धलेखनाबद्दल वर्तमानपत्राच्या संपादकांना, आवाजाबद्दल वरच्या मजल्यावरच्या डंबेलवाल्या मुलाला. हा मुलगा रोज जिन्यात भेटतो, वाकून नमस्कारही करतो. तरी त्याला पत्र. तोंडी बोललेल्याला पुरावा नसतो.

तक्रार करणं हा इथल्या जमिनीचाच गुण आहे, असं काकांचं मत. त्याला ते आधार देतात थेट सुप्रीम कोर्टाचा. 1990 सालचा शांतीस्टार बिल्डर्स विरुद्ध नारायण खीमालाल टोटामे हा निवाडा. इथेच दुर्बल घटकांसाठी बांधायच्या घरांच्या किमतीवरून ते प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं आणि कोर्टाने सांगितलं की अन्नवस्त्राप्रमाणे राहायला नीट जागा हीसुद्धा जगण्याच्या हक्कातच येते. वकिलीच्या पोरांना हा निवाडा अभ्यासाला असतो. काकांना तो गणपतीच्या आरतीसारखा पाठ आहे. "जागा हा हक्क झाला ना? मग त्या जागेत ठेवलेला लॅपटॉप चालणं हाही हक्कच."

आता लॅपटॉपकडे येऊ.

लॅपटॉप मुलाने घेऊन दिला. काकांनी मराठी टायपिंग हट्टाने शिकून घेतलं, तेही इनस्क्रिप्ट, म्हणजे सरकारी वळणाचं. सगळं छान चाललं होतं, तोच एक दिवस कीबोर्डवरचा 'र' रुसला. एरवी एखादं अक्षर गेलं तर माणूस चालवून घेतो. पण 'र' गेल्यावर तक्रार कशी करणार? 'सत्वर उत्तर द्यावे'चं 'सत्व उत्त द्यावे' झालं आणि पत्त्यात 'शांती नग' आलं. वॉरंटीचे चार महिने शिल्लक होते. काकांनी लॅपटॉप बोरिवलीच्या सर्व्हिस सेंटरला नेला, आठ दिवसांनी कीबोर्ड बदलून आणला. 'र' खणखणीत उमटायला लागला.

आणि तिसऱ्या दिवशी, पत्राच्या मध्यावर, पडदा निळा झाला. वर ते तोंड पाडलेलं चिन्ह, खाली 'तुमच्या यंत्रात अडचण आली आहे' अशा अर्थाचं इंग्रजी. लॅपटॉप आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पत्र गेलं ते गेलंच.

दुसरा कुणी असता तर चरफडला असता. काकांनी चष्मा पुसला, कपाटातून लाल कापडी बांधणीचं फूलस्केप रजिस्टर काढलं आणि पट्टीने रकाने आखले. दिनांक, वेळ, पडद्यावरील मजकूर, चार्जर लावलेला की बॅटरीवर, पंखा चालू की बंद, त्या वेळी काय चालू होतं, शेरा. त्या संध्याकाळी काकांचा चेहरा मी पाहिला. नातू झाल्याचे पेढे वाटायला आले होते तेव्हाही इतका उजळला नव्हता.

मग आमच्या इमारतीत निदानांचं पीक आलं. डंबेलवाला म्हणाला व्हायरस. सेक्रेटरी म्हणाले व्होल्टेज. तळमजल्यावरच्या मोबाइल दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, फॉर्मॅट मारून टाकू." फॉर्मॅट म्हणजे आमच्याकडे पूर्वी एरंडेल असायचं तसं आहे. पोटात दुखो की डोक्यात, आधी देऊन तर बघू. काकांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. प्रत्येकाचा सल्ला रजिस्टरात चढवला, नाव घातलं, सल्ला देणाऱ्याची सहीसुद्धा घेतली, आणि एकेक करून पाहिला. चार्जर बदलला. खाली पुस्तकं ठेवून हवा खेळती केली. फॉर्मॅटही मारला. निळा पडदा येतच राहिला, आणि कारणाच्या ओळीत दर वेळी वेगळंच काहीतरी. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल' वगैरे काहीबाही.

मी बँकेत आहे, संगणकाचं मला जुजबी कळतं. विंडोजमध्ये या पडझडीची नोंदवही आपोआप राहते, एवढं मी त्यांना दाखवलं. इव्हेंट व्ह्यूअर नाव तिचं. काका हरखले. यंत्रसुद्धा रजिस्टर ठेवतं! त्यात प्रत्येक मृत्यूसमोर एकच आकडा होता, 41. "म्हणजे काय?"

"म्हणजे यंत्र नीट बंद न होता सुरू झालं."

"हे मला माहीत आहे. कशाने?"

"ते त्यात नसतं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पंचनाम्यात नुसतं 'इसम मयत' लिहून मीच सही केली होती.

सर्व्हिस सेंटरच्या दोन फेऱ्या झाल्या. दोन्ही वेळा लॅपटॉप तिथे ठेवून घेतला, रात्रभर मेमरीची चाचणी लावली, सकाळी अहवाल तोच. सर, मशीन ओके आहे, प्रॉब्लेम दिसला नाही. आणि खरंच तिथे तो बंद पडत नव्हता. पोचवलेल्या पेशंटचा ताप डॉक्टरांच्या दारात उतरावा तसं. घरी आणला की त्याच संध्याकाळी निळा. काकांनी ग्राहक संरक्षण कायदा 2019 काढला, 1915 हा हेल्पलाइनचा नंबर रजिस्टराच्या पुठ्ठ्यावर लिहिला, आणि 'सेवेतील त्रुटी' या विषयाचं सविस्तर पत्र टाइप करायला बसले. ते पत्र नऊ वेळा गेलं. लॅपटॉपविरुद्धचं पत्र लॅपटॉप पुरं होऊ देईना.

19 जुलै 2024 ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख यंत्रं निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तो फोटो काकांनी मोबाइलवर जपून ठेवला होता. आता तो ते येईल-जाईल त्याला दाखवायचे. "बघ, शेवटी पेनच. पण कार्बन घातलेला दिसत नाही," असं म्हणून हळहळायचे.

उलगडा झाला तो काकूंमुळे. रविवारी मी चहाला गेलो होतो. रजिस्टराचं एक पान मला वाचायला दिलं होतं.

'ता. 3, सायं. 7.12. सेक्रेटरींस पार्किंगबाबत, तिसरा परिच्छेद. निळा.'

'ता. 4, सकाळी 6 ते 8. अभंग. काही नाही.'

'ता. 4, 11.40. संपादकांस, ऱ्हस्व-दीर्घाबाबत. निळा.'

'ता. 6. नातवाशी व्हिडिओ कॉल, 50 मि. काही नाही.'

'ता. 6, रात्री 9.05. डंबेलबाबत, स्मरणपत्र क्र. 4. निळा.'

काकू आतून म्हणाल्या, "भांडायला बसलात की बंद पडतो. शहाणा आहे. मला इतक्या वर्षांत नाही जमलं."

आम्ही हसलो. पण हसता हसता माझी नजर काकांच्या हाताकडे गेली. ते ता. 8 चं पत्र टाइप करत होते. उजव्या हाताची तर्जनी बटणांवर घाव घालत होती, आणि डावा पंजा, सगळा भार टाकून, कीबोर्डच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर रोवलेला होता. लॅपटॉपची पाठ त्या भाराखाली किंचित वाकत होती. काका कार्बन धरून बसले होते!

अभंग ऐकताना हात मांडीवर. नातवाशी बोलताना हात हवेत. सर्व्हिस सेंटरात रात्रभर चाचणी चालते तेव्हा तर खोलीत कुणीच नसतं.

पुढचा अंदाज मोबाइलवाल्या पोराने केला. पुष्कळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या अख्ख्या झाकणालाच ठोकलेला असतो. तो बदलायचा म्हणजे आतलं सगळं, बोर्ड, बॅटरी, पंखा, रॅमची पट्टी, जुन्या झाकणातून काढून नव्यात बसवायचं. रॅमची पट्टी खाचेत तिरकी घालून खाली दाबायची असते, मग दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् करून धरतात. एका बाजूची चिमटी नीट बसली नसेल तर पट्टी एरवी काम करते, वरून दाब आला की क्षणभर सुटते. आणि सुटली की कधी कुठली आठवण जाईल याचा नेम नाही, म्हणून कारणं वेगवेगळी. पोराने स्क्रू ड्रायव्हर काढला. काकांनी लॅपटॉप छातीशी धरला. "हात लावायचा नाही. वॉरंटी आहे. ज्याने केलं त्याच्यासमोर सिद्ध करायचं."

शनिवारी आम्ही बोरिवलीला गेलो. मीरा रोड ते बोरिवली मध्ये फक्त दहिसर, पण विरारहून भरून आलेल्या गाडीत हे अंतर पंढरपूरइतकं होतं. काका दोन्ही हात वर करून रजिस्टर सांभाळत होते, लॅपटॉप माझ्याकडे.

काउंटरवरचा इंजिनिअर पंचविशीचा, थकलेला, सज्जन. म्हणाला, "काका, करून दाखवा." काका बसले. परक्या ठिकाणी, चार लोकांसमोर, त्यांनी दोन्ही मनगटं अलगद उचलून, एखाद्या नव्या सुनेने पोह्यांची बशी पुढे करावी तसं, टाइप केलं: 'नमस्कार. आपण कसे आहात.' लॅपटॉप मख्ख. दहा मिनिटं झाली. मागची रांग कुजबुजायला लागली. इंजिनिअरने घड्याळ पाहिलं. काकांच्या कपाळावर घाम आला. रजिस्टराच्या 62 नोंदी एका बाजूला आणि हे गोगलगाय झालेलं यंत्र एका बाजूला.

मी वाकून कानात म्हटलं, "काका, निघताना पाहिलं ना? सेक्रेटरींची गाडी परत तुमच्या जागेवर होती."

"काय?"

हे मी धडधडीत खोटं बोललो. पण काकांचा डावा पंजा दाणकन कोपऱ्यावर रोवला गेला. 'महोदय,' तर्जनीने घातलं, 'वारंवार लेखी कळवूनही...'

निळा!

काका खुर्चीवरून उठले नाहीत. फक्त हात हळूच बाजूला घेतला आणि रांगेकडे वळून पाहिलं. टोकन घेऊन बसलेल्या एका बाईंनी चक्क टाळी वाजवली. इंजिनिअरने मात्र माघार घेतली नाही हे त्याचं मोठेपण. त्याने तिथेच झाकण उघडलं, टॉर्च मारला, अंगठ्याने पट्टीची एक बाजू दाबली. टक्. इतका बारीक आवाज की रांगेतल्यांना ऐकूही आला नसेल. काकांनी तो ऐकला आणि खिशातून पेन काढून रजिस्टरात वेळ लिहिली.

मग त्यांनी मुद्दाम पंजा रोवून दोन पानी पत्र टाइप केलं. काही झालं नाही.

मला वाटलं, सुटलो. 6.14 ची गाडी मिळेल. इंजिनिअरने जॉबशीट पुढे केलं. शेऱ्यात त्याने लिहिलं होतं, 'रॅम रीसीट केली. मशीन ओके.'

"हे चालणार नाही," काका म्हणाले. "रॅम सुटी का होती ते लिहा. तुमच्याच दुरुस्तीत सुटी राहिली, असं."

"काका, सिस्टिममध्ये तेवढीच जागा आहे."

"मग मी हाताने लिहितो. कार्बन आहे?"

पोराला कार्बन म्हणजे काय हेच कळेना. तो आत विचारायला गेला. काकांनी डावा पंजा काउंटरवरच्या कागदावर रोवला, पेनचं टोपण दातांनी काढलं आणि मला म्हणाले, "तू बस. वेळ लागेल."