जिना झाडणारी इंजिनिअर

जर्मनीत स्थिरस्थावर व्हायची सरकारी रीत अगदी सरळ आहे. घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत महापालिकेच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. मग अकरा आकडी करक्रमांक पोस्टाने येतो. त्यानंतर बँक, आरोग्यविमा आणि ब्लू कार्ड, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना. पत्ता नोंदवताना धर्मही विचारतात, पण त्यात कसलाही भोचकपणा नसतो. तुम्ही इथल्या चर्चचे सभासद असाल, तर आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आयकराच्या ८ टक्के चर्चकर पगारातून परस्पर कापला जातो. मी "हिंदू" म्हटल्यावर खिडकीतल्या बाईंनी त्या रकान्यात "काही नाही" असं लिहिलं. एरवी मी धर्मासाठी थोडी तरी हुज्जत घातली असती, पण ८ टक्के म्हणजे ८ टक्के.

सगळ्यात तत्परतेने आलं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. महिना १८ युरो ३६ सेंट. आमच्याकडे टीव्ही नाही, हे कळवायला नवरा उत्साहाने बसला होता. पण २०१३पासून ही वर्गणी टीव्हीवर नसून घरावर आहे. घर आहे ना? मग भरा.

इतकं झालं की माणूस कागदोपत्री श्टुटगार्टकर होतो. हे शहर १९६८पासून मुंबईचं भगिनीशहर आहे, असं कुणीतरी आम्हाला निघताना सांगितलं होतं, त्यामुळे माहेरपणाच्या काही अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात ही बहीण सासूच निघाली. इथे तुमची खरी नोंदणी जिन्यात होते.

आधी जिन्याच्या खालचं सांगते. आमच्या इमारतीत फ्लॅटला नंबर नाही, कुणाच्याच नाही. दारावरच्या घंटीवर आणि टपालपेटीवर आडनाव असलं तर तुम्ही आहात, नसलं तर नाही. डोंबिवलीत माझा सगळा जन्म "बी विंग, ३०२" म्हणून गेला. कुरिअरवाला खालून "तीनशे दोऽऽन" अशी हाक मारायचा आणि आम्ही गॅलरीत यायचो. इथे घंटीवरच्या पट्टीत आमचं आडनाव मावेना. ते बारीक अक्षरात छापून चिकटवेपर्यंत आलेली पत्रं "या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही" असा शेरा घेऊन परत गेली. त्यात एक पत्र मी या पत्त्यावर राहते, असं प्रमाणित करणारं होतं.

घरात स्वयंपाकघराची खोली होती, स्वयंपाकघर नव्हतं. ओटा, सिंक, कपाटं हे सगळं आधीचे भाडेकरू उचकटून घेऊन गेले होते. ही चोरी नसून प्रथा आहे. भिंतीतून डोकावणाऱ्या नळजोडाखाली बादली ठेवून आम्ही पहिला चहा केला. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही, नवऱ्याने ते सगळं फेसबुकवर लिहिलेलं आहे.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून आले, तर दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकत होती. तिच्यावर झाडूचं चित्र आणि खाली एकच शब्द, केरवोखं. मला वाटलं, कुणीतरी फेरीवाला असेल. मी पाटी आत नेऊन कपाटावर ठेवली. दहा मिनिटांत घंटी वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी हसून नमस्कार केला आणि पाटी कुठे आहे ते विचारलं. पाटी बाहेरच लटकली पाहिजे, म्हणजे या आठवड्यात जिना कुणाचा, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. थोडक्यात, जिना घाण असेल तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची त्याची ती सोय होती.

केरवोखं म्हणजे झाडलोटीचा आठवडा. इमारतीतली बिऱ्हाडं ती आळीपाळीने करतात. छोट्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा. मोठ्या आठवड्यात तळघर, अंगण आणि समोरचा फुटपाथ. हिवाळ्यात बर्फ पडला, तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फुटपाथवरचा बर्फ खरवडायचा, कारण त्यावरून घसरून कुणाचं हाड मोडलं तर भरपाई आपल्या गळ्यात पडू शकते. या प्रथेचं मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरीला जातं. तेव्हाचा इथला काउंट एबरहार्ड, दाढीवाला एबरहार्ड म्हणूनच तो ओळखला जातो, त्याच्या काळात प्रत्येकाने आपापली घाण दर आठवड्याला गावाबाहेर नेऊन टाकावी असा हुकूम निघाला. याच एबरहार्डने १४७७ मध्ये ट्युबिंगनचं विद्यापीठ स्थापन केलं. विद्यापीठात शिकलेले या भागात पुष्कळ भेटतात, पण झाडू न शिकलेला मला अजून एकही भेटला नाही. पुढे १९८८ मध्ये, मानफ्रेड रोमेल महापौर असताना, शहराने ही सक्ती काढून टाकली. तोवर ती भाडेकरारांत जाऊन बसली होती. आणि करारात नसती, तरी खालच्या आजी होत्याच.

माझी अडचण निराळी होती. मी मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत जिना झाडायला माणूस होता आणि त्याने तो नीट झाडला नाही, हे सांगायला कमिटी होती. मी या दोन्हींत कधीच नव्हते. पुण्याला राहून जर्मनच्या परीक्षा दिल्या, त्यातही झाडू आला नव्हता. शिवाय परीक्षेतलं जर्मन इथे चालतच नाही. आजी श्वेबिश बोलतात. प्रत्येक वस्तूच्या शेपटाला "ले" लावतात आणि मधली अर्धी अक्षरं गिळतात. या राज्याने १९९९ मध्ये स्वतःच्या जाहिरातीतच कबूल करून टाकलं होतं की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. कोल्हापूरने किंवा मालवणने असं काही करायला हरकत नाही, पण त्यांना न्यूनगंड नाही म्हणून ते करत नसावेत.

पहिल्या आठवड्यांत मी जिना रात्री ऑफिसातून आल्यावर झाडायचे. आजी काही बोलायच्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हात कठड्याखालच्या गजांवरून फिरत जायचा आणि बोट प्रकाशात धरून त्या ते बघायच्या. मला कोड रिव्ह्यूची सवय आहे. पण तिथे निदान शेरे लिहून येतात.

अशा परिस्थितीत ऑक्टोबरमध्ये आई आली. तीन महिन्यांच्या व्हिसावर, तीस किलो सामान घेऊन, त्यातलं बरंचसं भाजणी आणि मेतकूट. आई आमच्या सोसायटीच्या कमिटीवर सलग पुष्कळ वर्षं होती. पाण्याच्या टाकीचा हिशेब तिने जसा घेतला, तसा सेक्रेटरीच्या बायकोनेही सेक्रेटरीचा कधी घेतला नसेल. तिला जर्मन येत नाही, आणि आजींना जर्मन सोडून काही येत नाही. आल्याच्या तिसऱ्या दिवशी आजी पाटी द्यायला वर आल्या. मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले, तर आईने झाडू, सुपली आणि फडकं दाराशी मांडून ठेवलं होतं.

"अगं, ती खालची बाई येऊन गेली. 'केर' म्हणाली ना, मग कळलंच मला."

मी झाडू उचलला, तशी आई दारात आडवी आली. "आत्ता? दिवेलागण झाली!"

तिन्हीसांजेनंतर केर काढला की लक्ष्मी जाते, हे मला माहीत होतं. पण ऑक्टोबरअखेर इथे घड्याळं तासभर मागे सरकवतात आणि मग पाच वाजताच अंधार होतो. नोकरी करणाऱ्या बाईने केर काढायचा कधी? शनिवारी सकाळी. आणि शनिवारी सकाळी तर सगळंच. कारण रविवारी दुकानं बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखला जाईल, असं १९१९च्या वायमार संविधानात लिहिलं होतं, आणि ते कलम आजच्या जर्मन संविधानाने जसंच्या तसं उचललंय. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. बाकी दिवशी टाकायच्या, त्याही पांढरी काच, तपकिरी काच, हिरवी काच अशा वेगळ्या करून. निळी बाटली हिरव्यात जाते. आईने हे एकदा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं, "ही लोणच्याची बरणी इथे का गं?"

शनिवारी आईने जिना झाडला. झाडला म्हणजे कोपऱ्यातली माती काडीने कोरून काढली, गज एकेक करून पुसले, आमच्या मजल्याचा संपवून न विचारता आजींच्या मजल्याचाही अर्धा उरकला. आजी दाराच्या फटीतून बघत होत्या. त्यांचं बोट त्या दिवशी बाहेर आलंच नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती.

मला हे आधीच लक्षात यायला हवं होतं, पण ऑफिसात माझ्या वाढदिवसाचा गोंधळ चालला होता. जर्मनीत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात. आमच्याकडचे काका-मामा-मावश्या भारतातल्या रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा पाठवतात, तेव्हा इथे आदल्या दिवशीचे साडेसात वाजलेले असतात. उशिरापर्यंत थांबलेल्या सहकाऱ्याने माझ्या फोनवर फुलं आणि केक नाचताना पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. मी पुढचे दोन दिवस रस्ता ओलांडताना जपून ओलांडावा, असं त्याने मला सुचवलं. केकही मीच करून न्यायचा होता, कारण इथे वाढदिवस ज्याचा, केकही त्याचाच.

तर दिवाळीच्या पहाटे आई उठली, नुकत्याच पुसलेल्या जिन्याच्या चौकात बसली आणि तिथे ठिपक्यांची रांगोळी घातली. पांढरी, त्यात गुलाबी आणि जांभळा रंग. बाजूला दोन पणत्या. मी अभ्यंगस्नान करून बाहेर आले, तेव्हा आजी पायरीवर उभ्या होत्या. सार्वजनिक जिन्यात, केरवोखं चालू असताना, लादीवर जाणूनबुजून सांडलेली पूड. पाचशे वर्षांत श्टुटगार्टने हे पाहिलं नसावं. पणत्यांबद्दल बोलायचं, तर घरोघरच्या छताला धुराची सूचना देणारा भोंगा लावणं या राज्यात बंधनकारक आहे, आणि आमच्या पॅसेजमधला भोंगा तर मिरचीच्या फोडणीलासुद्धा वाजतो. मी मनात नवं घर शोधायला घेतलं.

आजींनी पणत्यांकडे बोट दाखवून आधी एवढंच विचारलं, की तुम्ही घरी आहात ना? आहोत, मी म्हटलं. मग रांगोळीकडे बघून, "हे कधी निघणार?"

मी आईला विचारलं. "भाऊबीज झाल्यावर," आई म्हणाली.

भाऊबीजेचं भाषांतर करण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "शनिवारी, दहा वाजता."

आजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. वेळ ठरली की जर्मन माणसाला कशाचंही काही वाटत नाही. त्यांनी घरात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं. भाऊबीजेपर्यंत सगळी इमारत कठड्याला धरून, रांगोळीच्या कडेने, एका पायावर वर-खाली करत होती. वरच्या मजल्यावरच्या पोराने एकदा ठिपका पुसला, तर आजींनी त्याला तिथेच सुनावलं. शनिवारी बरोबर दहाला त्या स्वतःची सुपली घेऊन हजर होत्या. दोघी खाली बसल्या आणि आईने हातात झाडू दिल्यावर आजींनीच कडेकडेने रांगोळी गोळा केली. थोडा रंग त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून घेतला. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुपारी त्या झाकलेलं भांडं घेऊन वर आल्या. त्यात या भागाचा राष्ट्रीय पदार्थ होता, व्हिनेगर घातलेली मसुरासारखी डाळ आणि तिच्यासोबत पिठाचे उकडलेले तुकडे. एरवी यावर सॉसेज असतात. त्यांनी ते आमच्यासाठी वगळले होते आणि डाळीत डुकराचं मांस नाही, असं मला दोनदा बजावलं. आईने चाखून बघितलं.

"ही वरणफळंच आहेत," आई म्हणाली. "फक्त फोडणी द्यायची राहिली बिचारीची."

मी याचं "फार छान झालंय" असं भाषांतर केलं. आजी गोऱ्यामोऱ्या झाल्या. श्वेबिश लोकांत एक म्हण आहे, त्यांनी तुम्हाला रागावलं नाही तर तेच कौतुक समजायचं. त्यामुळे त्यांचं स्वतःचं कौतुक त्यांना सहन होत नाही.

आई डिसेंबरात परत गेली. आजी अजून तिची चौकशी करतात. मुख्य म्हणजे जिना नीट पुसलेला नसला, तर आता त्या बोट दाखवत नाहीत. "तुमची आई पुन्हा कधी येणार?" असं विचारतात.

श्टुटगार्टला यायचं असेल, तर अवश्य या, सोबत थोडं मेतकूट आणा. फक्त येताना शनिवारी सकाळी येऊ नका. आलातच, आणि पाटी आमच्या दाराला असली, तर बूट खालीच काढा आणि कठड्याला धरून चढा.